बंबातली टरफलं

तांडा, ता. मानोरा
१४ सप्टेंबर २०२५

सन्मतीबाईले ललिताबाई राठोडचा प्रभूच्या नावानं सलाम.

बाई, तुमचं कार्ड भेटलं. पोस्टमननं हातात देल्लं तवा वाटलं, दुसऱ्या कोणाचं असन. आमच्या तांड्यावर सोनेरी काठाचं कार्ड कोण धाडते? पण वरतं माहंच नाव. आत लिहिलेलं, जाणता-अजाणता आमच्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतो. खाली शेठजीचं, तुमचं, नमनचं, खुशबूचं, साऱ्याईचं नाव. मी दारातच बसून वाचलं अन् लय रडली. शेजारची चंपाबाई धावत आली, तिले वाटलं कोणी मेलं.

बाई, मी तुमाले माफ केलं. मनापासून केलं.

अकरा वर्षं झाले त्या गोष्टीले. माही रेणू तुमच्या मागच्या खोलीत राहून दहावी शिकत होती, घरात हाताखाली काम करत होती. तुमचे दहा दिवसाचे उपास चालू होते अन् न्हाणीच्या बंबात, राखेत, अंड्याचे टरफलं निघाले. बंब पेटवत होती रेणू, म्हणून नाव तिच्यावर आलं. तुमी निरोप धाडला, मी आली, अन् तुमच्या अंगणात तिले चपलीनं मारलं. आठवते ना?

तुमी माफी मागितली म्हंजे तिनं ते अंडे खाल्ले नोयते, असंच ना? तेवढं एका वळीत लिहून द्या. मले रेणूले दाखवाचं हाय. फोन नका करू, माहे कान गेले आता, फोनवर नुसती भणभण आयकू येते. आश्रमशाळेत सातवी शिकली होती, ते आता कामी येऊन राह्यलं.

मी तीन वर्षं झाले प्रभूत आली. दारू गाळणं सोडलं, मडके फोडले. हेही तुमाले सांगाचं होतं.

ललिताबाई


रिसोड
२२ सप्टेंबर २०२५

ललिताबाई, जय जिनेंद्र.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकच विचार आला, हे पत्र तू आपल्या मनानं लिहिलेलं नाही. कोणी लिहायला लावलं ते मोकळेपणानं सांग.

आधी कार्डाचं. क्षमावाणीचं कार्ड आमच्याकडून दरवर्षी जातं. नातेवाईक, अडतीवर माल आणणारे, डॉक्टर, दूधवाला, सगळ्यांना जातं. यंदा खुशबूनं जुने-नवे सगळे पत्ते काढून चिकटवले, त्यात तुझाही गेला असेल. मजकूर छापील असतो. ती आमची धर्माची रीत आहे आणि आम्ही ती श्रद्धेनं पाळतो, पण त्याचा अर्थ मी तुझ्याजवळ कसलीतरी कबुली दिली असा कोणी काढत नाही. मग तू मला माफ केलंस ते कशाबद्दल? मी मागितली कुठं?

आणि नेमकं आत्ताच कसं? अकरा वर्षं तू गप्प होतीस. आता आमच्या नमनचं कारंज्याला जमत आलंय, घर फार धार्मिक आहे, कांदा-लसूणही चालत नाही त्यांना. बोलणी अजून पक्की नाहीत. अशा वेळी तुझं पत्र येतं आणि त्यात अंडी! आमच्याकडे भांड्याला येणारी चतुराबाई तुमच्या तांड्याकडची आहे. तिनं कळवलं का? की तुमच्या त्या पास्टरनं? एका ओळीत लिहून दे म्हणतेस. अशी ओळ लोक कुठं कुठं दाखवतात ते मला कळतं, मी काही कुक्कुलं बाळ नाही.

रेणूला आम्ही घरच्यासारखं ठेवलं होतं. खुशबूच्या शेजारी पाट मांडून जेवायची. तिला आम्ही कोणी बोटही लावलं नाही. मारलंस तू. हे विसरू नकोस.

हे पत्र वाचून फाडून टाक.

सन्मती


तांडा, मानोरा
३ ऑक्टोबर २०२५

सन्मतीबाई,

पत्र फाडलं नाही. कायले फाडू? माह्या घरी एवढं लंबं पत्र कोणाचंच आलं नाही आजवर.

चतुराबाईची न् माही दोन वर्षांत गाठ नाही. नमनचं जमून राह्यलं हे मले तुमच्याच पत्रातून समजलं. भलं होवो त्याचं. अन् पास्टर म्हणता तर तो कोणी बाहेरचा साहेब नाही, आमचाच भाऊसिंग हाय. आधी ऊस तोडत होता. त्याले मी तुमचं पत्र दाखवलंही नाही.

मारलं म्या, हे तुमी बरं लिहिलं. तेच तर मले खाऊन राह्यलं. आता पूरं सांगतो तुमाले, मग ठरवा मी कायले लिहून राह्यली ते.

प्रभूत आल्यावर मी सभेत लय रडे. दारूसाठी रडे, शिव्यासाठी रडे. भाऊसिंग एक दिवस म्हणे, ललिताबाई, रडणं म्हंजे पश्चात्ताप नाही. म्हणे, तुले मानोऱ्याहून वाशीमले जाचं हाय अन् तू दिग्रसच्या गाडीत बसली, तर गाडीत कितीही रड, गाडी दिग्रसलेच जाईन. उतरा लागते अन् उलट्या गाडीत बसा लागते. ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जा लागते. मले तवाच रेणू आठवली.

तिचं सासर आसेगावकडच्या तांड्यात. लग्न झाल्यापासून ते माह्या घरी आली नाही. दिवाळीले नाही, राखीले नाही, बाप मेला तवा आली अन् मातीवरूनच वापस गेली. उन्हाळ्यात मी तिच्या दारात गेली. म्हटलं, बाई, मी तुले मारलं, मले माफ कर. तिनं लेकराचं डोकं विंचरणं थांबवलं न् म्हणे, याडी (आमच्यात आईले याडी म्हणते), पयले हे सांग, मी अंडे खाल्ले होते का नाही?

बाई, मले काय ठाऊक? मी म्हटलं, खाल्ले असले तरी मी माराले नको होतं. तिनं दार लावून घेतलं.

मी खोटं बोलू शकली असती, की तू नाही खाल्ले मले ठाऊक हाय म्हणून. पण मले ठाऊक नोयतं. राखेत भाजलेलं अंडं तिच्या लय जिवाचं, लहानपणी मीच चुलीत भाजून देत होती. तुमच्या बंबाच्या राखेत टरफलं निघाले तवा मले वाटलं, हे माह्याच पोरीचं काम. म्हणून हात उठला. ते नाही म्हणे, नाही म्हणे, अन् मी हो म्हणेस्तोवर मारलं. मग मोठ्या शेठजीच्या, तुमच्या सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवाले लावलं. त्या दिवसापासून शाळा गेली, वर्ष-दीड वर्षात लग्न लावून देल्लं.

मग तुमचं कार्ड आलं. आता तुमी म्हणता छापील हाय. बरं, छापील तर छापील.

पण बाई, एक गोष्ट मी पाह्यली. तुमी पूरं पत्र भरून लिहिलं. कोणी लिवाले लावलं, कोणी सांगितलं, काय पायजे, सारं इचारलं. त्यात कुठीच असं लिहिलं नाही की रेणूनं अंडे खाल्ले होते. मी तीनदा पाह्यलं. काहून नाही लिहिलं?

ललिताबाई


रिसोड
१३ ऑक्टोबर २०२५

ललिताबाई,

तू आता माझ्या पत्रातले शब्द मोजायला लागलीस. म्हणूनच मला भीती वाटते तुझी. साधं काही नाही हे.

चतुराबाईबरोबर दिवाळीची साडी पाठवतेय. रेणूसाठीही एक आहे, चांगली आहे, खुशबूनं निवडली. रेणूला खरंच काही करायचं असेल तर नमनच्या ओळखीनं वाशीमला एखाद्या दुकानात काम बघता येईल, ऊसतोडीला जायची गरज नाही. मी हे मनापासून लिहितेय.

बाकी त्या जुन्या गोष्टीचं म्हणशील, तर घरात तेव्हा येणारे-जाणारे पुष्कळ होते. टरफलं कोणाचीही असतील. अकरा वर्षांपूर्वीच्या टरफलांचा हिशोब आता कोण देणार? पप्पाजी म्हणजे आमचे सासरे शहाऐंशी वर्षांचे झालेत. कैलासचंदजी म्हणून त्यांचं नाव रिसोडात किती मोठं आहे तुला माहीत आहे. त्यांच्या घरात, त्या दहा दिवसांत हे घडलं, एवढ्यानंच त्यांनी तेव्हा दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आता पुन्हा तो विषय काढला तर ते सहन करतील का? त्यांचं काही बरंवाईट झालं तर तू जबाबदार.

आणि तूच लिहिलंस, मी तुमाले माफ केलं, मनापासून केलं. ते पत्र माझ्याजवळ आहे. मग झालं ना? माफ केलेली गोष्ट परत उकरायची, हे तुमच्या धर्मात बसतं का? मी त्या एका वाक्यावर रात्री झोपतेय आता. ते राहू दे.

सन्मती


तांडा, मानोरा
२८ ऑक्टोबर २०२५

सन्मतीबाई,

दोन्ही साड्या चतुराबाईजवळ वापस देल्ल्या. घडी मोडली नाही, तपासून घ्या. काम इचारलं ते चांगल्या मनानं इचारलं असन, पण ते रेणूले इचारा.

मी तुमाले माफ केलं असं लिहिलं होतं. ते मी वापस घेऊन राह्यली.

राग धरू नका. रागानं नाही लिहून राह्यली. तुमचं पत्र आलं, त्या माफीवर तुमी झोपता हे वाचलं, अन् तवा मले समजलं. मीच तुमाले दिग्रसच्या गाडीत बसवून देल्लं न् वरून तिकीटही काढून देल्लं. मार कोणी खाल्ला? रेणूनं. शाळा कोणाची गेली? रेणूची. माफी देणारी मी कोण? दुसऱ्याच्या शेतातलं सोयाबीन मी दान करून मोकळी झाली. भाऊसिंगले सांगितलं तर तो म्हणे, वापस घे, प्रभू रागावत नाही. तवा वापस घेतली. पायजे तर रेणूजवळ मागा.

आता माहं सांगतो. तुमच्याकून वळ येईन म्हणून मी वाट पाहून राह्यली होती, तीच माही चूक. तुमी लिहून देल्लं तरच मी माह्या पोरीवर भरोसा ठेवीन, असंच ना ते? तवा अंगणात तुमचं आयकलं, अन् आताही तुमचंच आयकाले बसली होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आसेगावले गेली. ऊसतोडीच्या टोळीची गाडी भरून राह्यली होती, भांडेकुंडे, गोधड्या, शेळ्या, सारं वर चढवलं होतं. मी रेणूसमोर उभी राह्यली न् म्हटलं, तू खाल्ले नोयते. तू नाही म्हणे तेच खरं होतं. म्या तुह्या तोंडून खोटं वदवून घेतलं.

तिनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं. म्हणे, शेठाणीनं सांगितलं वाटते? म्हणून आली. मी म्हटलं, नाही, ते काहीच सांगत नाही. भरोसा नाही बसला तिचा, डोळ्यात दिसत होतं. पण गाडीत चढताना लेकरू माह्या हातात देल्लं, न् वर चढून मंग मागून घेतलं. तेवढंच.

खाली तिचा पत्ता लिहितो. सांगलीकडं कारखान्याच्या तळावर हाय, मुकादम देवला चव्हाणच्या नावानं पत्र जाते. मले आता वळ नको. लिवाचं तर तिले लिवा, नाही तर नका लिवू.

ललिताबाई


रिसोड
२३ नोव्हेंबर २०२५

चि. रेणू,

टरफलं नमनची होती.

हे पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण खाली लिहायचं ठेवलं असतं तर मी पुन्हा काहीतरी आडवळण काढलं असतं.

तो तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि त्याला दंड कमावायचं वेड लागलं होतं. बसस्टँडवरच्या गाडीवरून उकडलेली अंडी आणून त्यानं न्हाणीमागं खाल्ली आणि टरफलं बंबात टाकली. मला सकाळीच कळलं. टॉवेल देताना त्याच्या बोटांना वास होता. तो म्हणाला, मम्मी, आजोबांना सांगू नको. मी नाही सांगत म्हणाले. दुपारी पप्पाजींनी राख पाहिली आणि सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडं गेलं, आणि मी ते जाऊ दिलं. मला वाटलं, तुला चार शब्द बोलतील आणि मिटेल.

मग तुझी आई आली. तू नाही म्हणत होतीस तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दूध वर येत होतं. मी आत जाऊन गॅस बारीक केला आणि परत येऊन उभी राहिले. दूध उतू गेलं नाही. इतकी वर्षं झाली, मला तुझ्या रडण्यापेक्षा ते दूधच आठवतं, आणि त्याची मला लाज वाटते.

तुझ्या आईचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते खिडकीशी नेऊन उलटंसुलटं करून पाहिलं, मागं कोण आहे म्हणून. वकील असेल, पास्टर असेल, नमनच्या लग्नावर टपलेलं कोणी असेल. चतुराबाईला मी चार दिवस खोदून खोदून विचारलं, बिचारी रडकुंडीला आली. मागं कोणीच नव्हतं. तरी मला ते पटत नव्हतं. तिनं माफी परत घेतली तेव्हा पटलं. काही हवं असणारं माणूस असं करत नाही.

मागच्या आठवड्यात पप्पाजींना सांगितलं. मला वाटत होतं ते कोसळतील. त्यांनी हातातली माळ खाली ठेवली. मग म्हणाले, त्या पोरीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं होतं आणि मी ते ठेवून घेतलं. जेवले नाहीत त्या दिवशी. आमच्यातही गुरूसमोर दोष नाव घेऊन सांगायचा असतो, मी ते दरवर्षी करते, पण हा दोष कधी सांगितला नव्हता. नमन हसला आधी. अंड्यावरून एवढं, मम्मी? पप्पाजींनी त्याला समोर बसवलं आणि तुझी शाळा कोणत्या महिन्यात सुटली ते विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मग तो हसला नाही.

कारंज्याच्या लोकांनाही सांगून टाकलं. त्यांचा फोन अजून आलेला नाही.

माफ कर असं लिहून मी दोनदा खोडलं. तुझी आई म्हणते ते तुझं आहे. तू दिलीस तर दे, नाही दिलीस तर मी त्यावर काही बोलणार नाही. पप्पाजींना प्रवास झेपत नाही, पण तू म्हणशील तिथं मी येईन आणि तुझ्या तांड्यासमोर हेच बोलेन.

सन्मती

रेणू, टरफलं माझी होती. मला माहीत असून मी तेव्हा खोलीत गाणी लावून बसलो. — नमन


कारखान्याचा तळ, सांगलीकडं
२१ डिसेंबर २०२५

याडी,

शेठाणीचं पत्र आलं. मुकादमानं सांजच्याले आणून देल्लं. तुह्या जावयाले, देवानंदले वाचून दाखवलं, तर तो म्हणे चुलीत टाक, एवढ्या वर्षांनं कायची आठवण येते मोठ्या लोकाईले, काही तरी काम असन याईचं. मलेही तसंच वाटलं. मंग वाटलं, हे तुनंच लिहून घेतलं असन, मले घरी आणासाठी. तुह्यावरही भरोसा नोयता याडी, खरं सांगते. तू गाडीजवळ आली तवा मी देवानंदले हेच म्हटलं होतं, शेठाणीनं काहीतरी कबूल केलं असन, त्याबिगर हे येत नसते.

मंग पत्रावरची तारीख पाह्यली. तेवीस नोव्हेंबर. तू आली होती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. तरी मी चतुराबाईले फोन लावला. ते म्हणे, दिवाळीपर्यंत शेठाणी काहीच कबूल करत नोयती, साड्या धाडल्या होत्या न् तू वापस केल्या. दोनदा इचारलं म्या तिले. ते चिडली, म्हणे तुमी सारेच माह्या मागं काहून लागले?

म्हंजे तू आली तवा तुह्या हातात काहीच नोयतं. तरी तू म्हणे, तू खाल्ले नोयते.

त्या दिवशी मी लय रडली याडी. ऊसात बसून रडली, देवानंदले वाटलं कोयता लागला.

शेठाणीले मी आता काही लिहीत नाही. वाटीन तवा लिहीन, नाही वाटलं तर नाही. तुह्या भाऊसिंगले सांग मले घाई करू नको. नमनची वळ मात्र मी दोनदा वाचली.

एक गोष्ट तुले कधी सांगितली नोयती. त्या दिवसापासून मी अंडं खाल्लं नाही. पोरगी मागते तर सासूले उकडून द्याले लावते न् मी बाहेर जाऊन बसते. तुले ठाऊक हाय, मले केवढं आवडे.

कारखाना बंद झाला की मुकादमाले सांगून गाडी मानोऱ्यावरून घ्याले लावते. आम्ही तुह्याकडं दोन दिवस राहू. कोंबडी बसवू नको, अंडे ठेव. अन् चुलीतली राख निवू देऊ नको. भाजून तूच देजो, मी तुह्या समोर खाईन.

रेणू